यादी दाखवायची नाही, तरी जुळवायची

कारखान्याचं धुराडं दिवाळीच्या आगेमागे पेटतं, पण हंगामाचा खरा जुगार त्याआधी चार-पाच महिने, पावसाच्या तोंडावर खेळला जातो. ट्रॅक्टरमालक शेती ऑफिसात तोडणी-वाहतुकीचा करार करतो, कारखान्याकडून किंवा त्याच्या हमीवर बँकेकडून पैसे उचलतो आणि बीड, धाराशिव, जत, विजयपूरकडच्या मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, उचल (आगाऊ रक्कम) देतो. दहा-बारा कोयत्यांची (तोडणी करणाऱ्या जोडप्यांची) टोळी म्हणजे उसाचं एक कांडं तुटायच्या आत दहा-बारा लाख गेलेले. त्याच मुकादमानं एक करार कडेगावकडे, दुसरा वाळव्याकडे आणि तिसरा कराडकडे करून ठेवला असेल, तर टोळी येणार एकाच फडावर. उरलेले दोघे ट्रॅक्टरमालक हप्ता बँकेचा भरतात आणि चकरा पोलीस ठाण्याच्या मारतात. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात असे गुन्हे दर हंगामाला नोंदवले जातात.

मग कारखान्यांनी एकमेकांच्या मुकादमांच्या याद्या पडताळून का पाहू नयेत? चहाच्या टपरीवरही हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही तिथंच मिळतं. यादी दिली तर उद्या शेजारचा कारखाना त्यातलीच चांगली माणसं पळवेल. नेकीनं येणारा, टोळी न फोडणारा मुकादम कोण, तो कुठल्या गावचा, त्याला किती उचल दिली, हे शेती अधिकाऱ्याचं वर्षानुवर्षांचं भांडवल असतं. ते समोरच्याच्या हातात पडलं, की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी कोयत्यामागं दहा हजार जास्त घेऊन त्या गावात उतरतो. वर दोन्हीकडचे संचालक निवडणुकीत समोरासमोर. अविश्वास सकारण आहे. तो घालवायच्या गप्पा सोडून तो धरूनच काम कसं करायचं, एवढंच पाहायला हवं.

गणितानं हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच सोडवलेला आहे. दोन याद्यांत समान असलेलीच नावं कळतील आणि बाकीचं एक अक्षरही समोरच्याला दिसणार नाही, अशी पद्धत आहे, स्वस्त आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. म्हणून माझं म्हणणं असं, की याद्यांची देवाणघेवाण बंद करावी आणि जुळवणी सुरू करावी. मात्र जुळवणीतून कुणाला काय कळणार आणि कळल्यावर काय करायचं, हे आधी करारात लिहावं. पहिल्या दोन गोष्टी संगणकाच्या आहेत. तिसरी संचालक मंडळाची आणि वाहतूकदारांची आहे, आणि ती सोडली तर पहिल्या दोन मुकादमाच्या गळ्याला फास होतील.

आज चालतं ते असं. ओळखीचा शेती अधिकारी फोनवर विचारतो, ‘अमका तमका तुमच्याकडे आहे का हो?’ नाहीतर एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवर फिरते, आधार क्रमांक, मोबाईल आणि बँक खात्यासकट. ती कुठवर जाते याचा हिशेब कुणाकडेच नसतो. दोघांच्या विश्वासातल्या सीएकडे दोन्ही याद्या द्याव्यात, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग, पण तालुक्यात दोन्ही पार्ट्यांच्या विश्वासातला सीए सापडणं मुकादम सापडण्यापेक्षा अवघड. आणि ‘एक पोर्टल काढा, सगळ्यांनी त्यात माहिती भरा’ हा तर हुकमी उपाय. पोर्टल म्हणजे सगळ्यांच्या याद्या एका जागी. ते ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे सगळ्या जिल्ह्याचं तोडणीचं भांडवल. आणि ते एकदा फुटलं, की एका कारखान्याची नाही, सगळ्यांचीच यादी बाहेर.

कॉम्प्युटर विभागातला माणूस इथं हमखास एक तोडगा सुचवतो: क्रमांक उघडे देऊ नका, त्यांचा हॅश द्या. हॅश म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा. त्याच मजकुराचा ठसा दर वेळी तोच येतो, पण ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही. ऐकायला बिनतोड. पण ठसा उलटा काढायची गरजच पडत नाही, सगळे शक्य मजकूर एकेक करून पुढून करून बघता येतात. आधार क्रमांक १२ अंकी. पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेबानं ठरलेला असतो, तेव्हा शक्य क्रमांक उरले ८ हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण मुलं गेम खेळतात तसल्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डवर एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीचे सेकंदाला हजार कोटींच्या आसपास ठसे निघतात. दहा सेकंदांत देशातला प्रत्येक शक्य आधार क्रमांक तपासून झाला. मोबाईल नंबर ६ ते ९ पैकी एका अंकानं सुरू होतो, म्हणजे ४०० कोटी शक्यता, अर्धा सेकंदही नाही. गाडीच्या नंबराचं तर हसूच येतं. एमएच १० म्हणजे सांगली, पुढं दोन अक्षरं, पुढं चार अंक, सगळे मिळून ६८ लाखांच्या आत. एमएच ११ आणि कराडचं एमएच ५० धरलं तरी चहा ओतेपर्यंत यादी उघडी.

‘मग त्यात मीठ घालू’, म्हणजे ठसा काढण्याआधी क्रमांकाला एक गुप्त शब्द जोडू, हा पुढचा डाव. त्यानं बाहेरचा चोर थांबतो, हे खरं. पण दोन्ही कारखान्यांचे ठसे जुळायचे तर मीठ दोघांकडे एकच हवं. म्हणजे ज्याच्यापासून यादी लपवायची, त्याच्याच खिशात मिठाची पुडी.

खरी पद्धत दोन कुलपांची आहे. एका पेटीला माझं कुलूप, त्यावर तुझं. आधी तुझं लावून मग माझं लावलं तरी शेवटी पेटी सारखीच दिसते. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली घातांकांचा हा गुण गुप्त संदेशांच्या किल्ल्या ठरवण्यासाठी वापरला. याद्या जुळवायला तो लावता येतो, हे कॅथरीन मेडोज यांनी १९८६ साली दाखवलं. त्याआधी १९८२ साली अँड्र्यू याओ यांनी, आपापली संपत्ती न सांगता कोण जास्त श्रीमंत हे दोन लक्षाधीशांनी कसं ठरवावं, हा प्रश्न मांडून या सगळ्या शाखेचं दार उघडलं होतं.

छोटे आकडे घेऊन हाताशी करून पाहू. सगळं गणित २३ ने भागून उरणाऱ्या बाकीत करायचं. पहिल्या कारखान्याकडे दोन मुकादम, क्रमांक ३ आणि ६. दुसऱ्याकडेही दोन, ३ आणि ८. पहिल्यानं मनात गुप्त आकडा धरला ३, दुसऱ्यानं ५. पहिला आपल्या प्रत्येक क्रमांकाचा तिसरा घात काढतो. ३ चा २७, बाकी ४. ६ चा २१६, बाकी ९. तो ४ आणि ९ पाठवतो. दुसरा आपल्या क्रमांकांचा पाचवा घात काढतो. ३ चा २४३, बाकी १३. ८ चा बाकीत येतो १६. तो १३ आणि १६ पाठवतो. आता दोघंही समोरून आलेल्या आकड्यांवर आपापला घात चढवतात. दुसऱ्यानं ४ आणि ९ चा पाचवा घात काढला तर येतात १२ आणि ८. पहिल्यानं १३ आणि १६ चा तिसरा घात काढला तर येतात १२ आणि २. दोन्हीकडे असलेला आकडा एकच, १२. आणि १२ हे दोन्हीकडच्या ३ चंच दोन कुलपांतलं रूप आहे. पहिल्याच्या ६ ला जोडीदार नाही, दुसऱ्याच्या ८ ला नाही, आणि ते काय होते हे समोरच्याला कळलंही नाही.

२३ सारख्या आकड्यावर कुणीही गुप्त घात बोटांवर शोधून काढेल. प्रत्यक्षात तिथं ७७ अंकी मूळ संख्येवर बांधलेली वक्ररेषा असते आणि घात शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर जातं. कुलूपबंद झालेला प्रत्येक क्रमांक ३२ बाइटचा. समजा एका कारखान्याचे ९०० मुकादम आहेत आणि प्रत्येकाच्या तीन खुणा, म्हणजे ओळखीचे क्रमांक, तपासायच्या आहेत, तर २,७०० नोंदी, म्हणजे ८६,४०० बाइट. व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो बहुतेक वेळा याहून मोठा असतो. गणिताला लागणारा वेळ सेकंदाच्या आतबाहेर. दहा-दहा लाख नोंदी काही सेकंदांत जुळवणाऱ्या याहून वेगवान पद्धती २०१६ सालापासून आहेत, पण उसाच्या करारांना त्यांची गरज नाही. गूगलनं २०१९ साली याच जातीचं एक साधन मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं, तेव्हा हे सगळं कोऱ्या पाटीवर लिहायचीही गरज नाही.

लिहिलंच तर एक खड्डा मात्र टाळावा, कारण तो वरून दिसत नाही. क्रमांकाचा ठसा घ्यायचा आणि तो घात म्हणून एका ठरलेल्या पायाभूत आकड्यावर चढवायचा, हे सोपं वाटतं आणि उदाहरणांत नीट चालतंही. पण मग समोरच्याला तुमच्या यादीतलं एक जरी नाव आधीपासून माहीत असेल, आणि मुकादमांच्या बाबतीत ते असतंच, तर त्यावरून तो उलटा हिशेब करून तुमच्या कुलपाचा साचा मिळवतो आणि बाकीचे क्रमांक घरबसल्या तपासत बसतो. क्रमांक थेट वक्ररेषेवरच्या एका बिंदूवर न्यावा लागतो, कुणालाही माहीत नसलेल्या घाताचा. चांगल्या लायब्ररीत हे काम करणारं फंक्शन तयार असतं. तेच वापरावं.

या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी साधी आहे. पहिल्याचे आकडे दुहेरी कुलूप लावून परत देताना दुसऱ्यानं त्यांचा क्रम तसाच ठेवला, तर पहिल्याला आपले कोणते मुकादम जुळले ते कळतं. परत देण्याआधी त्यानं ते पत्त्यांसारखे पिसले, तर पहिल्याला फक्त किती जुळले तेवढंच कळतं. एक पिसणं, आणि उघड होणारी गोष्ट बदलते. म्हणून आधी पिसून मोजावं. ९०० त तीन निघाले तर कदाचित पुढं जायची गरजच नाही, तेवढ्यांसाठी फोन पुरेल. नव्वद निघाले तर मग नावं उघडायची का, हा निर्णय दोन्ही मंडळांनी आकडा समोर ठेवून घ्यावा.

गणित इथं संपतं आणि खरा त्रास सुरू होतो, तो डेटाचा. ही जुळवणी तंतोतंत असते. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की दोन ठसे एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि ‘जुळलं नाही’ या उत्तराला सगळे ‘माणूस स्वच्छ आहे’ असं समजतात. एकाच माणसाचं नाव एका फाइलीत बाळू, दुसरीत बाळासाहेब, तिसरीत आडनाव आधी. म्हणून नावावर कधीच जुळवू नये. शिवाय कारखान्याच्या गट ऑफिसात जुन्या फॉन्टात टाइप झालेल्या फाइली अजून निघतात, ज्यांत पडद्यावर मराठी दिसतं आणि आत इंग्रजी अक्षरं असतात. युनिकोडमध्येही मराठी ‘५’ आणि इंग्रजी ‘5’ हे संगणकाला दोन वेगळे प्राणी आहेत. मोबाईलच्या आधी कुणी शून्य लावतं, कुणी ९१, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतं. गाडीच्या नंबरात ०४५६ चं एक्सेल ४५६ करतं. बँक खात्याचं सगळ्यात वाईट. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे ठेवतं, त्यामुळं १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. आता दहा वेगवेगळी खाती एकच दिसणार, म्हणजे जुळायला नको ती माणसं जुळणार. रकाना आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवला की हे टळतं, पण ते पहिल्या दिवसापासून करावं लागतं. एकदा शून्य झालेला अंक परत येत नाही.

तेव्हा जुळवणीआधी दोन्ही बाजूंनी सफाईचे एकच नियम लिहून घ्यावेत. सगळे अंक इंग्रजी करायचे, मोबाईलचे शेवटचे दहा अंकच धरायचे, गाडीचा नंबर मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून, अक्षरं मोठी आणि शेवटचे अंक चार करून घ्यायचा. मग वीस खोट्या नोंदींची तालीम करावी, ज्यातल्या सात दोन्ही फाइलींत मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेल्या असतील. सातच्या सात सापडल्याशिवाय खरी फाइल लावू नये.

खुणा कोणत्या घ्यायच्या? आधार प्रत्येक फाइलीत झेरॉक्सच्या रूपात पडलेलं असतं, म्हणून हात पहिला तिकडेच जातो. ते घेऊ नये. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगी संस्थांना करारापोटी आधार वापरण्याची मुभा देणारा कायद्याचा भाग रद्द केला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराचं कारण त्याहून साधं आहे: दुबार करार करणारा मुकादम स्वतःचं आधार दुसऱ्यांदा देतच नाही. तो बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर करार करतो. त्यापेक्षा उचल ज्या खात्यात जमा झाली ते खातं, ज्या मोबाईलवर बोलणं झालं तो नंबर, आणि जामीनदाराचा नंबर या तीन खुणा कामाच्या. जामीनदार बदलायला माणसं कमी पडतात, असा सगळ्यांचाच अनुभव. उचल रोखीनं दिली असेल तर मात्र खातंच नाही, आणि जगातली कुठलीही गुप्तलिपी न लिहिलेल्या नोंदीशी काही जुळवू शकत नाही.

आता खोटेपणाकडे. वरची साधी पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: दोघे नाक खुपसतील, पण ठरलेल्या पायऱ्या पाळतील. सहकारी साखर कारखानदारीबद्दल एवढं गृहीत धरणं अंमळ धाडसाचंच. एक कारखाना आपल्या यादीत स्वतःशी करार नसलेल्या, पण समोरच्याकडे असतील असं वाटणाऱ्या माणसांचे नंबर घालू शकतो. जुळले की कळलं, तो त्यांच्याकडे आहे. गणिताला हे पकडता येत नाही, कारण खरा करार आणि मनानं घातलेला नंबर त्याला सारखेच. यावर उपाय कागदाचा आहे: प्रत्येक नोंदीमागं तारखेचा, सही केलेला करार असावा. जुळवणी सुरू व्हायच्या आधी दोघांनी आपापल्या पूर्ण फाइलीचा एक ठसा लिहून एकमेकांना द्यावा, म्हणजे मागून फाइल बदलता येणार नाही. आणि जुळलेल्या नोंदीबाबत करार दाखवता आला नाही तर दंड, हेही लिहावं.

दुसरी पळवाट वारंवारतेची. आज ९०० नावं लावली, उद्या एक काढून ८९९ लावली आणि मोजणी एकानं घटली, तर ते एक नाव उघडं पडलं. म्हणजे फक्त आकडा सांगणारी जुळवणीही रोज केली तर यादीच सांगते. हंगामाला दोन वेळा पुरे: उचलीचा दुसरा हप्ता देण्याआधी एकदा आणि टोळ्या आणायला गाड्या निघायच्या आधी एकदा. प्रत्येक वेळी गुप्त आकडा नवा, आणि काम झालं की दोघांसमोर तो पुसायचा. तोच परत वापरला तर जुने आणि नवे कुलूपबंद आकडे शेजारी ठेवून कोण आला, कोण गेला हे कळत राहतं. यादीची लांबीही बोलते. कुणाकडे किती टोळ्या आहेत, हे गाळप क्षमता माहीत असलेल्याला पुरेसं असतं. त्यासाठी दोघांनी आपापल्या यादीत कशाशीच न जुळणाऱ्या खोट्या नोंदी भरून ती ठरलेल्या एकाच आकड्यापर्यंत, समजा ३,००० पर्यंत, न्यावी. आणि शेवटचा निकाल ज्याच्या हातात आधी पडतो, तो तिथंच ‘नेट गेलं’ म्हणू शकतो. म्हणून हे काम दोघांनी एका खोलीत, दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून करावं. इंटरनेट लागतच नाही, पेनड्राइव्ह पुरतो.

दोघांपुरतं हे ठीक. पण पंधरा कारखाने असतील तर जोड्या होतात १०५, आणि प्रत्येक जोडीला एक खोली कुठून आणायची? इथं साखरेच्याच धंद्यातला दाखला आहे, तोही आपल्यापेक्षा थंड मुलखातला. डेन्मार्कमध्ये साखर बीटपासून होते आणि तिथं बीट घेणारी कंपनी एकच होती, डॅनिस्को. बीट पुरवण्याचे करार शेतकऱ्यांनी आपसात विकायचे होते. आपण कुठल्या भावाला विकायला तयार आहोत हे कंपनीला कळलं तर आपली ऐपत तिला कळेल, अशी शेतकऱ्यांना धास्ती. कंपनीला लिलाव एकट्या शेतकरी संघटनेकडे जायला नको होता, कारण ते करार शेतकऱ्यांच्या कंपनीकडच्या कर्जाला तारण होते. जानेवारी २००८ मध्ये सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोल्या गुप्त तुकड्यांत तोडून तीन यंत्रांवर ठेवल्या गेल्या: एक कंपनीचं, एक शेतकरी संघटनेचं, एक संशोधकांचं. तिघांनी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास बाजारभाव काढला आणि एकही बोली कुणाला दिसली नाही. एवढ्या प्रमाणावर प्रत्यक्ष व्यवहारात अशी गणना तेव्हा पहिल्यांदाच झाली.

तेच तीन पाय इथं उभे राहू शकतात. गुप्त किल्ली तीन तुकड्यांत: एक तुकडा कारखान्यांच्या संघाकडे, एक वाहतूकदारांच्या संघटनेकडे, एक सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेकडे, जिला कुठल्याच उसात वाटा नाही. प्रत्येक कारखाना आपले क्रमांक स्वतःच्या तात्पुरत्या कुलपात झाकून पाठवतो, तिघे आपापला घात चढवतात, कारखाना आपलं तात्पुरतं कुलूप काढतो आणि उरतो तो तिघांच्या किल्ल्यांनी बनलेला शिक्का. पंधरा कारखान्यांचे शिक्के एका जागी ठेवून जुळवता येतात, आणि तिघे संगनमत करत नाहीत तोवर शिक्क्यावरून क्रमांक काढता येत नाही. वर एक फायदा: ज्या कारखान्यानं ९०० करार नोंदवलेत त्याला २,७०० च्या वर विचारू द्यायचं नाही, हे तिघांपैकी एकानं जरी पाळलं तरी चाचपणी थांबते.

तासगाव, मिरजेच्या द्राक्ष बागायतदारांनी मनावर घेतलं तर पैसे न देता परागंदा होणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत हेच करता येईल. पतसंस्थांच्या दुबार तारणाचंही तसंच. पण त्यांत आणि तोडणीत एक फरक आहे, आणि तो बारीक नाही.

व्यापारी पळाला तर तो स्वतःच्या पायानं पळतो. उचलीत मात्र करार मुकादमाचा आणि कष्ट कोयत्याचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि मुकादमानं वाटलेली उचल फिटेपर्यंत ते बांधलेले. वेठबिगारी कायद्यानं १९७६ सालीच बंद झाली, तरी उचलीचं नातं तिच्या किती जवळून जातं हे फडावर जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. अशा धंद्यात ‘दोन ठिकाणी नाव असलेल्यांची यादी’ म्हणजे काळी यादी व्हायला एक पाऊलच. जुनं येणं राहिलं म्हणून कुणालाच कुठं काम नाही, अशी पंधरा कारखान्यांची एकजूट या साधनानं गुपचूप आणि अगदी बिनबोभाट करता येईल. गुप्तलिपी यादीचं रक्षण करते. यादीतल्या माणसाचं ती काहीही करत नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याच्या नजरेनं पाहिलं तरी कुलूपबंद जुळवणीतून निघालेलं नाव ही वैयक्तिक माहितीच राहते. गणित चांगलं वापरलं म्हणून माणसाला सांगायची जबाबदारी टळत नाही. करारात मराठीत, आणि जत-विजयपूरकडच्यांसाठी कानडीतही, चार ओळी हव्यात: तुमचा मोबाईल, खातं आणि जामीनदाराचा नंबर चालू हंगामाच्या इतर करारांशी जुळवला जाईल, जुळला तर दुसऱ्या हप्त्याआधी तुम्हाला बोलावून विचारलं जाईल, एका करारातून पैसे परत करून बाहेर पडायला मुदत मिळेल, आणि हंगाम संपला की निकालाची फाइल पुसली जाईल. मागच्या हंगामाची येणी-देणी यात अजिबात आणू नयेत. ती वसूल करायला दिवाणी कोर्ट आहे. बोलावून विचारण्याची अट मी मुद्दाम धरतो, कारण जुळलेला नंबर म्हणजे गुन्हा नव्हे. गावातला एकच मोबाईल दोन भावांच्या दोन टोळ्यांच्या करारांवर असू शकतो, आणि एकच भला माणूस चौघांना जामीन राहिलेला असू शकतो.

आणि इनपुटच्या फाइलीत कोयत्यांच्या नावांचा रकाना असू नये. मजुरांची नोंद विम्यासाठी, मुलांच्या शाळेसाठी, सरकारी योजनांसाठी जरूर ठेवावी, पण वेगळ्या फाइलीत, जी या यंत्राच्या जवळ कधी येणार नाही. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणेलच, ‘एवढं करतोच आहोत तर मजुरांचेही नंबर टाकू, पुढंमागं उपयोगी पडतील.’ तिथं अध्यक्षांनीच हात आडवा घालायचा. सॉफ्टवेअर घालणार नाही. दहा लाख घेऊन गेलेल्या मुकादमाचा नंबर आणि लेकराला फडाच्या कडेला झोपवून मोळी बांधणाऱ्या बाईचा नंबर, त्याला दोन्ही ३२ बाइटचेच.